अंधेरीचं थिएटर

कोर्टाकडे काय मागावं हे शिकवणारे वकील मला पुढे पुष्कळ भेटले. काय मागू नये, हे मात्र एकाच माणसानं शिकवलं. माझ्या वकिलीत आज जे काही उभं आहे ते त्या शिकवणीवर उभं आहे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. एखाद्या निकालाची बातमी यायची असली की ते बातमीदाराला आधीच सांगून ठेवत, वकिलांच्या नावात आपलं नको. अशील त्यांना साहेब म्हणत. मीही शेवटपर्यंत तेच म्हणत आले.

त्यांचं हे ऋण आधी माझ्या आईवर आहे, मग माझ्यावर.

आई अंगणवाडी सेविका होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यापर्यंत ती पोचायला बराच काळ गेला. पोचली तेव्हा गावात शिकलेल्या सुना मोजक्याच होत्या, त्यांतून आईची निवड झाली. मारुतीच्या देवळाशेजारची पत्र्याची खोली, आढ्याला टांगलेला वजनकाटा, सुकडीची पोती, भिंतीवर तक्ते. गरोदर बायांच्या नोंदी, मुलांच्या वजनांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर घरोघर हिंडणं. जे पैसे मिळत त्यांना पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. पण ज्या गावात ती इतकी वर्षं कुणाची तरी सून होती, त्या गावानं तिला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली होती. त्या हाकेसाठी ती उन्हातान्हात राबायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात तिच्या हातात अर्ध्या पानाचा आदेश पडला. ‘वाचा’ या सदराखाली एकच ओळ होती, गावातील काही नागरिकांचा तक्रारी अर्ज. त्याखाली, वरिष्ठांच्या निर्देशानुसार आपणास सेवेतून कमी करण्यात येत आहे. मग सही आणि शिक्का. तक्रार कुणाची, कशाची, कुठल्या दिवसाची, काही नाही. आई तालुक्याला गेली. तिथं कुणी वाईट बोललं नाही. “वरून आलंय बाई, आमच्या हातात काय?” एवढं ऐकून ती परत आली आणि त्या रात्री जेवली नाही.

मी दहावीत होते. मामांच्या ओळखीनं आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, साहेबांच्या ऑफिसात गेलो. साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, समोर तांबूस फायलींचे ढीग. फाइलला ते ‘मिसल’ म्हणत. त्यांचं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं होतं आणि हिशेब मनातल्या मनात उर्दूत चालायचा. त्यांनी आदेश घेतला आणि तळापासून वर वाचत गेले. आधी सही कुणाची, मग हुद्दा, मग कुठल्या अधिकारात, मग कारण. वर पोचल्यावर कागद टेबलावर ठेवला.

“बाई, तक्रार काय आहे तुमच्याविरुद्ध?”

“माहीत नाही साहेब.”

“कुणी विचारलं होतं तुम्हाला, नोटीस दिली होती?”

“नाही.”

“मग केस आहे.”

आईला वाटलं, आता हे आपलं काम किती चांगलं होतं ते विचारतील. तिनं पिशवीतून रजिस्टरं काढायला घेतली, बक्षिसाचं प्रमाणपत्र काढलं. साहेबांनी ते हातात घेऊन आदरानं वाचलं आणि परत दिलं. “हे सांभाळून ठेवा, पुढे लागेल. पण कोर्टापुढे हे नाही न्यायचं. तुम्ही चांगल्या सेविका आहात का, हे हायकोर्ट ठरवत नाही. ज्यानं ठरवलं त्यानं कायद्यानं ठरवलं का, एवढंच बघतं. आपल्याला ते बघायला लावायचंय.”

त्यांनी फी घेतली. थोडी, पण घेतली. आईनं पदराची गाठ सोडली तेव्हा मामा काहीतरी पुटपुटले. साहेब त्यांना म्हणाले, फुकट केलं तर बाई मला प्रश्न विचारणार नाहीत, संकोच करतील. पैसे दिलेत म्हणजे आता माझ्याकडून हिशेब घ्या. पुढे आईनं त्यांना खरोखरच पुष्कळ प्रश्न विचारले. प्रत्येक तारखेला, उभ्याउभ्या, जालना रोडवरच्या हायकोर्टाच्या आवारात.

पहिला प्रश्न मामांनीच विचारला होता. वरच्या साहेबाकडे अपील का नाही करायचं, एकदम हायकोर्ट कशाला? प्रश्न बरोबर होता. खात्यातच दाद मागायची सोय असेल तर हायकोर्ट सहसा म्हणतं, आधी तिकडे जा. पण हे बंधन कोर्टानं स्वतःवर घालून घेतलेलं आहे. घटनेच्या अनुच्छेद २२६ नं दिलेला अधिकार त्यानं संपत नाही. बाजू न ऐकता निर्णय झाला असेल, ज्याला अधिकारच नाही त्यानं निर्णय घेतला असेल, मूलभूत हक्कावर घाला आला असेल किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल, तर कोर्ट थेट दार उघडतं. १९९८ साली व्हर्लपूल कंपनीच्या ट्रेडमार्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे अपवाद एका जागी नीट मांडले, आणि आज प्रत्येक ज्युनिअरला ते पाठ असतात. साहेबांनी मामांना ते सोप्या शब्दांत सांगितलं. ज्या वरिष्ठाच्या निर्देशानं बाईंना काढलं असं आदेशच म्हणतो, त्याच्याकडे अपील करून काय मिळणार?

याचिका दाखल झाली, नोटीस निघाली, आणि काही महिन्यांनी सरकारचं शपथपत्र आलं. ते इंग्रजीत होतं. शब्दकोश घेऊन मी ते रात्री आईला वाचून दाखवलं. त्यात पाच कारणं होती. पोषण आहाराच्या नोंदवहीत दोन महिन्यांच्या नोंदी नाहीत, अमुक दिवशी केंद्र बंद आढळलं, असं बरंच काही. शिवाय प्रकल्प अधिकाऱ्यानं स्वतः सर्व बाबींचा विचार करूनच निर्णय घेतला, असंही लिहिलं होतं. आईचा चेहरा उतरला. पाच-पाच कारणं! आता कोण आपलं ऐकणार?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते शपथपत्र वाचलं आणि आईला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. मग त्यांनी अंधेरीच्या थिएटरची गोष्ट सांगितली. मी ती तेव्हा ऐकली, आणि वकील व्हायचं तिथंच ठरवलं.

गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचं होतं. परवानगी देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार नियमांप्रमाणे मुंबईच्या पोलीस आयुक्तांचा. जुलै १९४७ मध्ये आयुक्तांनी परवानगी दिली. मधे देश स्वतंत्र झाला, आणि सप्टेंबरमध्ये आयुक्तांचं दुसरं पत्र आलं की सरकारच्या निर्देशावरून कळवण्यात येतं, परवानगी रद्द. गोरधनदास कोर्टात गेले. तिथं आयुक्तांनी सांगितलं की निर्णय माझाच होता, मी सगळा विचार केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी निकाल लिहिला. हे बोस नागपूरचे, तिथल्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांनी म्हटलं त्याचा आशय असा. जाहीर अधिकारानं काढलेला आदेश त्याच्या स्वतःच्या शब्दांवरून वाचायचा. अधिकाऱ्यानं मागाहून येऊन माझ्या मनात काय होतं, मला काय म्हणायचं होतं, हे सांगून त्याचा अर्थ बदलता येत नाही, कारण लोक आदेशाच्या शब्दांवर विसंबून आपलं वागणं ठरवतात. पत्रात सरकारचा निर्देश लिहिलाय, तर तो निर्णय सरकारचाच. सरकारला तो अधिकार नव्हता. ज्याला अधिकार होता त्यानं तो वापरलाच नाही. आता आयुक्तांनी स्वतः विचार करून काय ते ठरवावं.

साहेब आईला म्हणाले, “बाई, तुमच्या आदेशात एक कारण नाही आणि शपथपत्रात पाच आहेत. ही पाच कारणं त्यांना कोर्टात आल्यावर सुचलीत. आदेश म्हणतो वरिष्ठांनी सांगितलं, शपथपत्र म्हणतं मी ठरवलं. अंधेरीच्या थिएटरवाल्याचं भांडण आणि तुमचं भांडण एकच आहे.”

आईनं विचारलं, “पण साहेब, ते पैसेवाले असतील ना?”

“असतील. निकाल सगळ्यांचाच झाला.”

व्हिवियन बोस यांचं हे तत्त्व १९७७ च्या अखेरीस न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी फिरोजपूर मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उठलेल्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात पुन्हा ठणकावून सांगितलं, आणि आता ते देशभर त्या खटल्याच्या नावानं उद्धृत होतं. साहेबांना ते खटकायचं. मूळ पुस्तक उघडा, मूळ निकाल वाचा, असा त्यांचा हट्ट. नागपूरच्या त्या न्यायमूर्तींना मी कधी पाहिलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं. पण माझ्या आईला ‘बाई’ ही हाक परत मिळण्यात त्यांचाही वाटा आहे, आणि म्हणून हे ऋण लिहिताना त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांनी दुसराच मुद्दा काढला. ही नोकरीच नाही, मानधनावरचं काम आहे, त्यामुळे नोटीस द्यायचा, बाजू ऐकायचा प्रश्न येत नाही. मुद्दा कच्चा नव्हता. साहेबांनी उत्तरादाखल ओरिसाच्या डॉक्टर बिनापाणी देई यांचा १९६७ चा निकाल ठेवला. सरकारी दवाखान्यातल्या या असिस्टंट सर्जन. सरकारनं चौकशी करून त्यांची जन्मतारीख बदलली, चौकशीचा अहवाल त्यांना दाखवला नाही आणि त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी, जे आधी मुंबई हायकोर्टात होते, सांगितलं की आदेश प्रशासकीय असला तरी त्यानं माणसाच्या आयुष्यावर परिणाम होत असेल तर नैसर्गिक न्याय पाळावाच लागेल, आधी त्या व्यक्तीला तिच्याविरुद्ध काय आहे ते सांगावं लागेल. मानधन असो की पगार, परिणाम होतो की नाही ते बघा, एवढंच साहेब म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा युक्तिवाद नेहमी छोटा असे.

खंडपीठानं आदेश रद्द केला. तक्रारीची प्रत बाईंना द्या, म्हणणं ऐका, कारणं लिहून ठरावीक आठवड्यांत नवा आदेश काढा, तोवर त्या जागी दुसरी नेमणूक करू नका.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “म्हंजे जिंकलो का आपण?”

“तुमचं म्हणणं मांडायचा हक्क मिळाला. पुढचं तुम्ही जिंकायचं. आता काढा ती रजिस्टरं.”

आईला तेव्हा वाईट वाटलं होतं. कोर्टानं परत त्याच अधिकाऱ्याकडे पाठवलं, मग गेलोच कशाला, असं ती घरी बोलून दाखवायची. खंडपीठानं थेट कामावर घ्यायला का सांगितलं नाही, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पुरला. पुढे खात्यातल्या फेरसुनावणीच्या दिवशी तक्रारीची प्रत हातात आली तेव्हा कळलं की त्यातही पोषण आहाराच्या नोंदी नसल्याचं लिहिलंय. ते दोन महिने धान्यच आलेलं नव्हतं, आणि पुरवठ्याच्या पावत्या आईकडे होत्या. केंद्र बंद असल्याच्या एका दिवसाचं तिच्याकडे उत्तर नव्हतं, त्या दिवशी खरंच बंद होतं, तसं तिनं सांगितलं. नवा आदेश तीन पानांचा आला. ज्याअर्थी अमुक, ज्याअर्थी तमुक, असं एकेक कारण घेऊन शेवटी तिला कामावर पूर्ववत ठेवलं होतं आणि त्या एका दिवसाबद्दल समज दिली होती. आईनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. समज दिल्याचं तिला लागलं नाही. “मी काय बोलले ते यात लिवलंय,” एवढंच ती म्हणाली. नंतर निवृत्त होईपर्यंत ती त्याच खोलीत काम करत राहिली.

मी कायद्याची पदवी घेऊन साहेबांकडेच ज्युनिअर म्हणून लागले. त्यांनी कधी व्याख्यान दिलं नाही. अशील समोर बसवून, कागद हातात देऊन ते शिकवायचे. पहिल्याच पावसाळ्यात एक ठेकेदार आला. नगरपालिकेनं त्याचं टेंडर नाकारून दुसऱ्याचं घेतलं होतं. त्याच्या मते दुसऱ्याला अनुभव कमी, दर जवळपास तेवढाच. मला वाटलं, सरळ केस आहे. साहेबांनी त्याला विचारलं, अटी पाळल्या का? पाळल्या. समितीत कुणाचा नातेवाईक होता का? नाही. कारण लिहिलंय का? लिहिलंय, पण चुकीचं. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

तो गेल्यावर त्यांनी मला दुसऱ्या थिएटरची गोष्ट सांगितली. ते इंग्लंडमधल्या वेन्सबरी नावाच्या गावातलं. नगरपालिकेनं रविवारी सिनेमा दाखवायला परवानगी दिली पण अट घातली की पंधरा वर्षांखालच्या मुलांना आत घ्यायचं नाही, आईबाप बरोबर असले तरी नाही. मालक कोर्टात गेले. १९४७ साली लॉर्ड ग्रीन यांनी त्यांची मागणी फेटाळली. आम्हाला ही अट आवडते की नाही हा प्रश्नच नाही. ज्या गोष्टी बघायला हव्यात त्या नगरपालिकेनं बघितल्या, बघू नयेत त्या बघितल्या नाहीत, आणि कुणीही शहाणा अधिकारी घेणारच नाही असा हा निर्णय नाही. मग तो निर्णय नगरपालिकेचाच राहील.

“अंधेरीचं थिएटर जिंकलं आणि वेन्सबरीचं हरलं,” साहेब म्हणाले. “दोन्ही निकाल एकत्र वाचत जा. पहिला एकटा वाचलास तर कोर्टाला सरकार समजशील, दुसरा एकटा वाचलास तर सरकारला कोर्ट समजशील.”

१९९४ साली मोबाइल सेवेच्या परवान्यांवरून झालेल्या टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हीच मर्यादा आपल्याकडे स्पष्ट मांडली. कोर्ट निर्णयावर अपील ऐकत नाही, निर्णय कसा घेतला ते तपासतं. कायदा मोडला का, पद्धत मोडली का, निर्णय तर्काच्या पार पलीकडे गेला का, हे तीन प्रश्न. आई ज्या निकालानं खट्टू झाली होती तो याच विचारातून आला होता. कोण सेविका असावी हे न्यायाधीशांनी ठरवायला लागलं, तर उद्या दुसऱ्या गावातल्या बाईविरुद्धही तेच ठरवतील, तिचं न ऐकता, तिचं गाव न बघता. हे मला पटायला वेळ लागला. पटलं ते मात्र पक्कं.

उशिराबद्दल साहेब फार कडक होते. मुंबई विमानतळावरच्या खाद्यगृहाच्या टेंडरचा १९७९ चा रमणा शेट्टी खटला ते याच कारणासाठी वाचायला लावत. त्यात न्यायमूर्ती भगवती यांनी फार मोठी गोष्ट सांगितली, की सरकारनं स्वतः ठरवलेल्या निकषांना सरकार स्वतः बांधलेलं आहे. पण ज्यानं याचिका केली त्याला काहीच मिळालं नाही, कारण तो उशिरा आला आणि तोवर दुसऱ्यानं पैसे खर्च करून काम उभं केलं होतं. तत्त्व जिंकलं आणि याचिकाकर्ता हरला. आदेश मिळाल्यावर वर्षभर पुढाऱ्यांच्या दारात फिरून मग ऑफिसात येणाऱ्या अशिलांना पाहून साहेब खरोखर दुःखी होत.

हा माणूस सरकारी आदेशांविरुद्ध दाद मागण्याच्या या एका विषयाला आयुष्यभर का चिकटून राहिला, ते त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात एका जहागिरीत पटवारीगिरी करत. एके दिवशी हुकूम आला आणि ती गेली. कुणाला विचारायचं? विचारायची जागाच नव्हती. वडील त्या हुकुमाचा कागद घडी करून खिशात ठेवत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून विचारत, यात माझा गुन्हा कुठं लिहिलाय? सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, २६ जानेवारी १९५० ला घटना आली, आणि ब्रिटिश काळी मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन हायकोर्टांपुरताच असलेला रिटचा, म्हणजे सरकारी आदेश तपासून त्यावर हुकूम काढण्याचा, अधिकार देशातल्या प्रत्येक हायकोर्टाला मिळाला. साहेब तेव्हा विशीत होते. घटनेचा तो अनुच्छेद त्यांनी उर्दू तर्जुम्यात पहिल्यांदा वाचला आणि वडिलांना वाचून दाखवला.

पण दार उघडलं तरी ते किलकिलंच होतं. त्याच वर्षी, १९५० मध्ये, मुंबईतला एक फ्लॅट सरकारनं ताब्यात घेतला त्यावरून खुशालदास अडवाणी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. बहुमतानं ठरलं की हा प्रशासकीय निर्णय आहे, न्यायिक स्वरूपाचा नाही, म्हणून इथं आदेश रद्द करण्याचं रिट चालत नाही. ती भिंत पडायला बिनापाणी देई आणि १९६९ चा क्रैपाक खटला यावा लागला. साहेब प्रत्येक नव्या ज्युनिअरला अडवाणीचा निकाल आधी वाचायला देत. आज जे सहज मिळतं ते कधी मिळत नव्हतं, हे माहीत असलेला वकील ते जपून वापरतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि अंतर? १९५६ नंतर मराठवाड्याचं हायकोर्ट मुंबई झालं. सेवेतून काढलेला शिपाई रिटसाठी मुंबईला जायचा म्हणजे रातची गाडी, ओळखीच्याच्या चाळीत मुक्काम, तारीख पुढे गेली की परत. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ बसलं, त्यामागे या भागाच्या वकिलांची आणि लोकांची मोठी चळवळ होती. मुख्य न्यायाधीश व्ही. एस. देशपांडे यांनी काढलेल्या त्या आदेशालाच एका वकिलानं आव्हान दिलं, मुंबईत तो आदेश रद्द झाला, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा कायम केला. मुख्य न्यायाधीशाचा प्रशासकीय आदेशसुद्धा तपासला जातो, याचा साहेबांना अभिमान वाटे, आणि तो टिकला याचा आनंदही. त्या काळात ते खालच्या कोर्टातली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून खंडपीठात आले. ते न येते तर आई तालुक्याहून परत आली तशीच राहिली असती.

एका बाबतीत काळ साहेबांच्या विरुद्ध गेला, आणि त्यावर माझं मत मी इथं लिहून ठेवते. १९८० च्या एस. एल. कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की बाजू न ऐकणं हेच नुकसान, आणखी वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. नव्वदच्या दशकात वारं बदललं. ऐकलं असतं तर निकाल वेगळा लागला असता का, असं कोर्टं विचारू लागली, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर आदेश टिकू लागले. कोर्टांवरचा बोजा, रद्द करून परत पाठवण्यातला वेळ, ही कारणं मला समजतात. साहेबांची अशीच एक केस होती, रेशन दुकानदाराची. आदेश रद्द झाला, फेरसुनावणी झाली, आणि दुकान पुन्हा गेलंच, या वेळी कारणांसह. तरीही मी १९८० च्या बाजूची आहे. ऐकण्याआधीच ऐकून काय फरक पडला असता हे सांगणं कुणाला शक्य आहे? आईच्या पावत्या शपथपत्र लिहिणाऱ्याला माहीतच नव्हत्या. तो दुकानदार मला नंतर भेटला, तेव्हा तो दुसऱ्या आदेशातल्या कारणांशी भांडत होता, अपिलाची तयारी करत होता. पहिल्या वेळी त्याला भांडायला समोर काहीच नव्हतं.

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं मला बोलावून त्यांची जुनी पुस्तकं दिली. आई अंत्ययात्रेला आली होती, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती की हे माझे वकील.

या ऋणाची फेड माझ्याकडून होण्यासारखी नाही. त्यांनी जे मला दिलं ते पुढे सांगणं तेवढं माझ्या हातात आहे, म्हणून वाचणाऱ्याला सांगते. सरकारी खात्याचा, जिल्हा परिषदेचा, पालिकेचा तुमच्याविरुद्ध जाणारा आदेश मिळाला, तर आधी तो मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा. सही कुणाची आणि कुठल्या अधिकारात हे बघा. कारण लिहिलं नसेल तर लेखी मागा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) प्रमाणे निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कारणं सांगणं हे खात्याचं कर्तव्यच आहे. मूळ नस्तीवरची टिपणी याच कायद्याखाली मागता येते. अपिलाची सोय असेल तर मुदतीत करा, आणि नसेल किंवा तुमचं म्हणणं न ऐकताच आदेश झाला असेल तर पुढाऱ्यांच्या दारात वेळ न घालवता वकिलाकडे जा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हायकोर्टातही त्यासाठी विधी सेवा समिती आहे आणि तिथं साध्या कागदावर मराठीत केलेला अर्ज चालतो.